पाईनची रोपं माना टाकतात, पिवळी पडतात, नुसती बसून राहतात: औषध आणण्याआधी काय तपासावं

वळवाचे एक-दोन पाऊस झाले की आणि मग पुन्हा श्रावणात, माझ्याकडे ट्रेचे फोटो यायला लागतात. बोन्सायसाठी पाईनचं बी लावलेलं असतं, उगवण छान झालेली असते, आणि आता काहीतरी बिनसलेलं असतं. प्रश्न ठरलेला: "कुठलं औषध मारू?" बहुतेकांना मी सांगतो, अजून कुठलंच नको. कोल्हापुरात पाईनची कोवळी रोपं रोगाने मरतात त्यापेक्षा जास्त साचलेल्या पाण्याने मरतात. त्यातून वाचलेली बरीचशी खुरटतात, कारण मुळांवर हवी ती बुरशी नसते. उन्हाला उगीच दोष देतात. चीड पाईन हिमालयाच्या पायथ्याशी साधारण ५०० मीटरपासून वर वाढतो आणि तिथला मे महिना आपल्यापेक्षा सौम्य नसतो.

आधी लक्षण नीट ओळखा:

- रोप मातीलगत वाकून आडवं पडलंय, पण वरचा झुपका अजून हिरवा आहे.
- मान ताठ आहे, पण सुया निस्तेज, राखाडी हिरव्या दिसतात.
- शेंड्याच्या नव्या सुया पिवळ्या, खालच्या जुन्या हिरव्या.
- खालच्या पिवळ्या, वरच्या हिरव्या.
- रोप मरत नाही, वाढतही नाही. सुयांवर जांभळट झाक आहे.
- कालपर्यंत बरं असलेलं रोप बोटाने धरलं तर अलगद हातात येतं, खाली मूळच नाही.

एकाच ट्रेमध्ये दोन लक्षणं एकत्र दिसू शकतात. तरी तपासणी खालच्याच क्रमाने करा, कारण सुरुवातीच्या गोष्टींना पैसे लागत नाहीत आणि बहुतेकांचं काम तिथेच भागतं.

हे पाईनच आहे ना?

हसू नका, हे पहिलंच विचारायला लागतं. आपल्याकडे नर्सरीत सुईसारखं पान दिसलं की त्याला पाईन म्हणतात. सुरू, अरौकेरिया (नर्सरीवाल्यांचं "क्रिसमस ट्री"), मोरपंखी, देवदार, सगळं त्यात येतं.

सुरूची काडी दोन्ही हातांनी हलकेच ओढा. ती गाठीगाठीवर सुटते. ते पान नसून पेरं असलेली बारीक फांदी असते, खरी पानं म्हणजे प्रत्येक गाठीवरचे इवले दात. पाईनची सुई अशी सुटत नाही. मोठ्या पाईनवर सुया जुडग्याने येतात आणि जुडग्याच्या बुडाशी कागदासारखं पातळ वेष्टन असतं. चीड आणि खासी पाईनला जुडग्यात ३, जपानी ब्लॅक पाईनला २ आणि कैलला ५ सुया. देवदाराच्या आखूड फांदीवर एकाच जागी वीस-तीस सुयांचा झुबका असतो. अरौकेरियाची पानं सुटी, कडक आणि टोचणारी, आणि फांद्यांचे मजले दिसतात. मोरपंखी तर चपटीच असते.

ही जुडगी मोजायची युक्ती पहिल्या वर्षाच्या रोपाला मात्र लागू पडत नाही, आणि गोंधळ नेमका तिथे होतो. पाईनचं बी उगवलं की देठाच्या टोकाला बीजपत्रांचा गोल घेर येतो, छत्रीच्या काड्यांसारखा. जातीप्रमाणे सहापासून बारा-पंधरापर्यंत बीजपत्रं असतात. त्यानंतर येतात त्या सुट्या, एकेकट्या, निळसर हिरव्या सुया. जुडगी नंतर येतात, चिडाला तर फार उशिरा. त्यामुळे "माझ्या रोपाला तीन-तीन सुया नाहीत, म्हणजे फसवलं" असं सहा महिन्यांच्या रोपाकडे बघून ठरवू नका. उलट, उगवताना दोनच बीजपत्रं दिसली तर ते पाईन नाही. सुरू किंवा मोरपंखी असण्याची शक्यता जास्त.

ही तपासणी पहिली, कारण पुढचे उपाय यावरच ठरतात. सुरूला पाणी जास्त चालतं आणि तो मुळांवरच्या गाठींतून हवेतला नत्र स्वतः मिळवतो. त्याला पाईनसारखं कोरडं ठेवलंत तर तो सुकेल, आणि पाईनला सुरूसारखं पाजलंत तर तो कुजेल. बोन्साय म्हणून सुरू कमी दर्जाचा नाही, आपल्या हवेत तो पाईनपेक्षा सोपाच जातो. निघाला सुरू, तर राहू द्या.

आंतरजालावरून मागवलेल्या "निळ्या पाईनच्या", "लाल पाईनच्या" बियांबद्दल एवढंच सांगतो की फोटोत दिसतं तशा भडक निळ्या-लाल सुयांचं पाईन नसतं. परदेशातून थेट बी मागवायचं तर आयात परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला लागतो.

बिघाड वाटतो, पण नसतो

उगवलेल्या रोपाच्या डोक्यावर बियाचं टरफल टोपीसारखं राहतं. ते ओढून काढू नका, आतली टोकं तुटतात. सकाळी पाण्याचा फवारा द्या, आपोआप गळेल. पक्ष्यांना ते बी वाटतं, म्हणून जाळी मात्र लावा. काही महिन्यांनी बीजपत्रं वाळून गळतात, तेही ठरलेलं. कोवळा देठ उन्हात लालसर-जांभळा होतो, ती चांगली खूण आहे. जांभळट झाक सुयांवर असेल तर गोष्ट वेगळी, ती पुढे येते.

मान बघा

भिंग घ्या, नाहीतर मोबाईलचा कॅमेरा मोठा करून बघा. देठ जिथे मातीला टेकतो तिथे तो पिळल्यासारखा बारीक, पाणचट, तपकिरी झालाय का? तसं असेल तर ती रोपमर, म्हणजे रोपं कोलमडण्याचा रोग. पिथियम, फायटोप्थोरा, रायझोक्टोनिया, फ्युजेरियम या बुरशीसारख्या रोगजंतूंपैकी कुणीतरी असतं. पडलेलं रोप वाचत नाही. ते आणि त्याच्या भोवतीची मूठभर माती चमच्याने उचलून कचऱ्यात टाका, कंपोस्टात नको. ट्रे वाऱ्याला ठेवा आणि वरचा थर सुकू द्या. देठ लाकडासारखा व्हायला लागला की हा धोका बराच कमी होतो.

मान तिरकी कुरतडलेली असेल तर तो किडा, गोगलगाय किंवा उंदीर. रात्री बॅटरी घेऊन बघा, चोर सापडतो. मान ठणठणीत असूनही रोप मलूल असेल तर दोष खाली, मुळाशी आहे.

पाणी

वरची माती बघून पाणी घालण्याची सवय पाईनला मारते. उथळ ट्रेमध्ये वरचा थर दुपारपर्यंत कोरडा दिसतो आणि तळाचे दोन बोटं तसेच चिंब राहतात. भांडं जितकं उथळ तितका ओल्या थराचा वाटा मोठा, हे बोन्सायवाल्यांनाही पटवून द्यावं लागतं. एक बांबूची काडी तळापर्यंत खुपसा, दहा मिनिटांनी काढा. खालचं टोक गडद आणि गार लागलं तर आज पाणी नाही. काही दिवसांनी ट्रे नुसता उचलून वजनावरून कळायला लागतं, तेव्हा काडीही नको.

मग निचरा बघा. तांब्याभर पाणी भराभर ओता. ते काही सेकंदांत खालून धो-धो यायला हवं. वर तळं साचत असेल तर मिश्रण चुकलंय आणि बाकीचे उपाय त्यावर पांघरूण घालतील, एवढंच. खालची ताटली काढून टाका. गगनबावडा, राधानगरी, आजऱ्याकडे जून ते सप्टेंबर ट्रेवर पारदर्शक पत्रा किंवा प्लास्टिक हवंच, बाजू मोकळ्या ठेवून. शहरातही आठवडाभर झड लागली की तेच करा.

गच्चीवर असाल तर स्लॅबवर थेट ट्रे ठेवू नका. एप्रिलमध्ये काळ्या पिशवीतली मुळं खालून भाजतात आणि सुया राखाडी होतात. दोन विटांवर फळी टाका आणि दुपारपुरतं ५० टक्क्यांचं शेडनेट लावा. सकाळचं ऊन मात्र पूर्ण मिळू द्या. सावलीत रोप लांबट आणि लुळं होतं, आणि त्या लांब देठाचा बोन्साय करताना काही उपयोग नसतो.

मिश्रण

इथे आता थोडा खर्च आहे. आपल्याकडची काळी माती पाईनच्या कुंडीत एक चिमूटही नको. नुसतं कोकोपीटही नको, पावसाळ्यात ते सुकतच नाही. पन्हाळा-जोतिबाकडचा जांभा फोडून, चाळून घ्या, किंवा पक्क्या भाजलेल्या विटांचे तुकडे घ्या. दाणा साधारण २ ते ४ मिलिमीटर. बारीक भुकटी चहाच्या गाळणीने काढून टाका, कारण तीच नंतर तळाशी बसून चिखल करते. वीट आधी रात्रभर पाण्यात ठेवून बघा. विरघळली तर ती कच्ची. या खड्यात पाचवा हिस्सा कोकोपीट किंवा चांगली कुजलेली पालापाचोळ्याची माती पुरते.

काही गोष्टी इथे फुकट किंवा स्वस्त मिळतात म्हणून लोक घालतात. साखर कारखान्याची मळी (प्रेसमड) आणि बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची, राख: मळीत चुन्याचा अंश असतो, राख अल्कधर्मी असते, आणि पाईनला आम्लधर्मी, साधारण ५.५ ते ६.५ सामू (पीएच) लागतो. फौंड्रीतली वापरलेली वाळू: दाणा बारीक, त्यात बेंटोनाईट आणि कोळशाची भुकटी, पाण्याने घट्ट बसते. कोकणातून आणलेली समुद्राची वाळू: मीठ आणि शिंपल्यांचा चुरा. कुठल्याही वाळूवर व्हिनेगरचे चार थेंब टाका. फेस आला तर त्यात चुना आहे, ती वाळू बांधकामाला द्या. कच्चं शेणखत का नको, ते पुढे हुमणीच्या (मुळं खाणाऱ्या अळीच्या) भागात येतं.

पिवळं कुठून सुरू झालं?

जुन्या, खालच्या सुया आधी पिवळ्या पडत असतील तर बहुधा नत्र (नायट्रोजन) कमी आहे. खड्यांच्या मिश्रणात खत टिकत नाही, त्यामुळे असं होतंच. पातळ केलेलं द्रवखत पंधरवड्याने एकदा द्या, अर्ध्या मात्रेत.

नव्या सुया पिवळ्या आणि जुन्या हिरव्या असतील तर लोह मिळत नाही. लोह मिश्रणात असतं, पण सामू वाढला की मुळांना ते घेता येत नाही. याचं मूळ बहुतेक वेळा बोअरच्या पाण्यात असतं. शिरोळ-हातकणंगल्याकडे तर हे पहिल्यांदा बघा. कुंडीच्या कडेला पांढरी पुटं दिसतात का? सामू तपासायच्या कागदी पट्ट्या स्वस्त मिळतात. पावसाचं पाणी साठवून वापरता आलं तर सर्वांत उत्तम. नाहीतर बादलीभर पाण्यात लिंबूफूल (सायट्रिक आम्ल) थोडंथोडं टाकून पट्टीवर सामू ६ च्या आसपास आणा. अमुक चमचे असं प्रमाण सांगत नाही, कारण प्रत्येक बोअरचा क्षार वेगळा. शोभेच्या झाडांना हिराकस (फेरस सल्फेट) घालायची जुनी पद्धत आहे, पण क्षारयुक्त पाण्यात ते लोह लगेच अडकून पडतं. कृषी सेवा केंद्रात "चिलेटेड फेरस" मागितलं की सहसा ईडीटीए प्रकारचं देतात. ते साडेसहाच्या वरच्या सामूला नीट टिकत नाही. ईडीडीएचए प्रकारचं मागा. महाग आहे, पण चिमूटभर लागतं.

मरत नाही, वाढत नाही

या लक्षणापाशी लोक सर्वांत जास्त पैसे घालवतात. पाणी बरोबर, मिश्रण बरोबर, ऊन बरोबर, आणि रोप सहा महिने आहे तेवढंच. सुयांवर जांभळट छटा, म्हणजे स्फुरद (फॉस्फरस) मिळत नाही. मग माणूस डीएपी हे स्फुरदाचं खत टाकतो, आणि गोष्ट बिघडते.

पाईनच्या मुळांना एका बुरशीची सोबत लागते. ती बारीक मुळांवर बाहेरून आवरणासारखी चढते, मातीतला स्फुरद आणि पाणी झाडाला देते आणि झाडाकडून साखर घेते. हिमालयात ती मातीतच असते. सह्याद्रीत पाईन मूळचं नाही, त्यामुळे आपल्या मातीत तिचा भरवसा धरता येत नाही, आणि आपण भाजलेली वीट नि धुतलेला जांभा वापरतो तिथे ती येणार कुठून? वनखात्याच्या लोकांना हे जगभर अनुभवायला मिळालंय. प्वेर्तो रिको बेटावर लावलेली पाईनची रोपं वर्षानुवर्षं पिवळी पडून खुरटत होती. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या पाईनखालची माती आणून मिसळल्यावर ती वाढायला लागली.

तपासायचं असं: एक रोप मिश्रणासकट हळूच बाहेर काढा. मुळांची टोकं आखूड, जाडसर, इंग्रजी वाय अक्षरासारखी दुभंगलेली असतील, भोवती पांढरे धागे असतील, वास पावसाळी रानासारखा असेल, तर बुरशी आहे. मुळं लांब, सडपातळ, उघडी असतील तर नाही. हे पांढरे धागे रोग समजून लोक धुऊन काढतात. मोठं पाईन विकत आणल्यावरही "जुनी माती पूर्ण धुवा" असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. त्या मातीतच तर ठेवा आहे.

उपाय फुकट आहे. ओळखीत कुणाकडे जोमदार पाईन असेल तर त्याची कुंडी बदलताना मूठभर जुनं मिश्रण, बारीक मुळांसकट, मागून घ्या आणि आपल्या ट्रेमध्ये वरच्या थरात मिसळा. आजारी झाडाखालची माती नको, सोबत रोग येईल. फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात आणि तोवर स्फुरदाचं खत व बुरशीनाशक दोन्ही बंद, कारण दोन्हींमुळे ही बुरशी मागे पडते.

दुकानात "मायकोरायझा" म्हणून जे पाकीट मिळतं ते जवळजवळ नेहमी व्हॅम, म्हणजे मुळाच्या आत शिरणाऱ्या बुरशीचं, असतं. ते उसाला, टोमॅटोला, डाळिंबाला चालतं. पाईनच्या मुळावर ते बसत नाही, त्याची बुरशी वेगळ्या घराण्यातली. पाकिटावर ग्लोमस असं नाव असेल तर परत ठेवा. पिसोलिथस किंवा तत्सम एक्टोमायकोरायझा (मुळावर बाहेरून चढणारी बुरशी) लिहिलं असेल तर घ्या, पण तसं आपल्या बाजारात क्वचितच दिसतं. निलगिरीखालची माती काही जण सुचवतात. निलगिरीलाही अशी बुरशी असते खरी, पण ती पाईनवर नीट बसेल याचा भरवसा नाही.

रोप अलगद हातात आलं

ही हुमणी. ऊसवाल्यांना सांगायला नको. वळवानंतर संध्याकाळी भुंगेरे बाहेर पडतात, कडुलिंब-बाभळीवर जमतात, आणि मग मातीत अंडी घालतात. कुंडी त्यांना शेताइतकीच चालते. कच्च्या शेणखतातून तर अळी थेट घरात येते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये एखादं रोप मुळाविना निघालं तर ट्रेमधलं सगळं मिश्रण कागदावर उपडं करून चाळा. पांढरी, सी आकारात वळलेली, तपकिरी डोक्याची अळी दिसेल. हाताने वेचा. ट्रेसाठी विषाची गरज नसते. कुंड्या जास्त असतील तर मेटारायझियम (अळीला मारणारी बुरशी) आणून मिसळा आणि पुढच्या मे महिन्यात ट्रेवर बारीक जाळी बांधा.

औषध लागलंच तर

वरचं सगळं बघून झालं, मान पिळलेलीच आहे आणि रोज नवीन रोपं पडताहेत, तरच. घरात पडलेलं कार्बेन्डाझिम लोक पहिलं उचलतात. रायझोक्टोनियावर त्याचा उपयोग होतो, पण पिथियम आणि फायटोप्थोरा या खऱ्या बुरश्याच नाहीत, त्यांना ते लागत नाही. पावसाळ्यात आपल्याकडे बहुतेकदा हेच दोघे असतात. मेटालॅक्सिल आणि मॅन्कोझेब एकत्र असलेलं औषध लेबलवरच्या मात्रेत एकदा मुळाशी ओता. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) वापरायचा तर पेरतानाच, आणि रासायनिक बुरशीनाशकासोबत नाही. हातमोजे घाला, आणि स्वयंपाकघरातलं माप वापरू नका.

रोप पूर्ण सावरून नवी वाढ दिसेपर्यंत तार, छाटणी, मूळ कापणं काहीही करू नका. चिडाचं कोवळं रोप वरून मोडलं तरी बुडातून पुन्हा फुटू शकतं, हा त्याचा मोठा गुण. ब्लॅक पाईनकडून ती अपेक्षा ठेवू नका. पुढचं बी दिवाळीच्या सुमारास लावा, म्हणजे पावसाळा येईपर्यंत देठ लाकडासारखा झालेला असतो. जूनमध्ये पेरणं म्हणजे रोपमरीला आमंत्रण. ब्लॅक पाईनचं बी त्याआधी महिना-दीड महिना ओल्या वाळूत फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवावं लागतं, चिडाला त्याची गरज नाही.

इथे थांबा

एकदा औषध ओतून आठवडा झाला तरी पडझड चालूच असेल तर दुसरं, तिसरं औषध आणू नका. वर्षापेक्षा मोठ्या रोपाचा शेंडा तपकिरी होऊन खाली वाळत येत असेल, देठातून डिंक गळत असेल, किंवा ट्रेमधली निम्मी रोपं गेली असतील, तरी तेच. पाण्याचा सामू लिंबूफुलानेही खाली राहत नसेल तर पाण्याची तपासणी प्रयोगशाळेतच व्हायला हवी. रोगाच्या निदानासाठी कोल्हापूरच्या कृषी महाविद्यालयातल्या वनस्पती रोगशास्त्राच्या लोकांना विचारा. जात कोणती यावरच अडलं असेल तर शिवाजी विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग. विकत घेतलेलं जुनं, मोठं पाईन असेल तर प्रत्यक्ष पाईन वाढवणाऱ्या बोन्सायवाल्यालाच बोलवा. शोभेच्या झाडांचा माळी चालणार नाही, तो आधी पाणी घालेल.

नमुना नेताना मेलेलं रोप नेऊ नका, त्यावर नंतर आलेली भलतीच बुरशी सापडते. नुकतं मान टाकलेलं एक, आजारी वाटणारं एक आणि ठीक असलेलं एक, अशी तीन रोपं मुळं नि मातीसकट, ओल्या कागदात गुंडाळून, भोकं पाडलेल्या पिशवीत, त्याच दिवशी. सोबत बाटलीभर पाणी, जे तुम्ही रोज घालता तेच, आणि कुठलं औषध कधी ओतलं त्याची चिठ्ठी.